फिंगर, बिल

(८ फेब्रुवारी १९१४ – १८ जानेवारी १९७४). अमेरिकन चित्रकथालेखक आणि बॅटमॅन या व्यक्तिरेखेचा सहनिर्माता. जन्म डेन्व्हर येथे.

१९३९ मध्ये चित्रकार बॉब केन याने काढलेल्या पहिल्या रेखाटनातल्या नायकाला लाल पोशाख, डोळ्यांपुरता मुखवटा आणि ताठ पंख होते. फिंगरने शब्दकोशातले वटवाघळाचे चित्र दाखवून टोकदार कानांचा शिरोवेष सुचवला. पंखांच्या जागी झूल, लालऐवजी करडा रंग आणि हातमोजे हेही त्याचेच. नायकाचे ब्रूस वेन आणि त्याच्या शहराचे गॉथम सिटी ही नावेही त्यानेच दिली.

‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकातली पहिली बॅटमॅनकथा अवघी सहा पानांची. तिचे कथानक ‘द शॅडो’ या रहस्यकथामालिकेच्या १९३६ मधील एका कथेवरून सरळसरळ उचललेले होते, त्यामुळे ती सामान्यच वाटते. पण १९३९ मध्येच ३३ व्या अंकातल्या दोन पानांत डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून पाहणारा मुलगा आला आणि नायकाच्या सूडाला दुःखाचा आधार मिळाला. त्या दोन पानांवर पुढची सारी बॅटमॅनकथा उभी आहे.

श्रेय मात्र करारानुसार एकट्या केनला मिळाले. १९६५ मध्ये फिंगरचा वाटा जाहीरपणे मांडला गेला, तेव्हा केनने तो फेटाळला. फिंगरच्या मृत्यूनंतर, १९८९ च्या आत्मचरित्रात, केनने तो मान्य केला. हा उशीर अक्षम्य होता. बॅटमॅनच्या निर्मितीचे अधिकृत श्रेय फिंगरला २०१५ मध्ये मिळाले, तेही केनच्या नावामागोमाग.