अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

सारसोळ्याचा माझा मित्र बंदुकीचं नाव काढलं तरी दोन पावलं मागे सरकायचा. शेवटी एका रविवारी त्याला पनवेलला एअर रायफलच्या रेंजवर नेलंच.

लक्ष्य दहा मीटरवर, आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! त्याला सुमा शिरूर यांची गोष्ट सांगितली. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. चाळीसच्या चाळीस गोळ्या दहावर! त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत मात्र त्या आठव्या आल्या.

"म्हणजे गळासारखंच. काल मासा लागला म्हणून आज लागेल, असं थोडंच?" तो म्हणाला.

श्वास सोडला, थांबला, चाप ओढला. सात गुण! भीती कुठे गेली, त्यालाच कळलं नाही. असो... पुढचा रविवार त्यानंच ठरवलाय.