वस्तीची गाडी



2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा, मन रमेल तिथे मुक्काम ठोकायचा. गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना या कल्पनेचं मोठं अप्रूप वाटतं. आम्हा जुन्या कोकणी माणसांना मात्र चाकांवरचं घर नवीन नाही. ते रोज तिन्हीसांजेला गावात येई, रात्रभर देवळापाशी नाहीतर शाळेच्या पटांगणात उभं राही आणि उजाडायच्या आत निघून जाई. त्याला आम्ही वस्तीची गाडी म्हणत असू. चालक आणि वाहक त्यातच बाकांवर अंथरूण टाकत. वाहकाच्या उशाशी तिकिटांची पेटी आणि पैशांची पिशवी. गावातल्या कुठल्या तरी घरून भाकरी-कालवण येई.

या घराचा इतिहास 1 जून 1948 पासूनचा. त्या दिवशी अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) ते पुणे अशी मुंबई राज्य सरकारची पहिली एसटी धावली. लाकडी बांधणीची, तीस आसनांची बेडफर्ड गाडी होती. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पुढे 1950 साली रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा झाला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1961 साली आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला तर 1998 उजाडलं.  खाड्या आणि डोंगरांच्या आड बसलेल्या गावांना शहराशी बांधून ठेवलं ते एसटीनेच. टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रं, तालुक्याला शिकणाऱ्या पोराचा जेवणाचा डबा, हे सगळं तिच्यातूनच जाई.

आता गाडी रात्री गावात कशाला ठेवायची? मास्तरकीची सवय, म्हणून गणितच मांडतो. समजा गाव आगारापासून चाळीस किलोमीटरवर आहे. शेवटची फेरी सोडून गाडी रात्री परत न्यायची आणि पहाटे पुन्हा आणायची, तर रोज ऐंशी किलोमीटर रिकामी धाव. वर्षाचे झाले 29,200 किलोमीटर! एवढं डिझेल, एवढी टायरची झीज फुकट. त्यापेक्षा दोन माणसांनी गाडीत निजावं हे शहाणपणाचं. सकाळच्या पहिल्या गाडीने विद्यार्थी, रुग्ण, मासळीवाल्या, कोर्टाची तारीख असलेले वेळेवर पोहोचत.

आता या गाडीची एकूण धाव पाहा. दिवसाला तीनशे किलोमीटर धरले तरी वर्षाला लाखाच्या वर होतात. चंद्र आपल्यापासून सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे. म्हणजे चार वर्षांत या लाल डब्याने चंद्र मागे टाकला असता. तोही घाटातून, खड्ड्यांतून आणि आमच्या पावसातून!

कोकणात गाडीचे शत्रू उदंड. खड्ड्यांनी पाटे तुटतात. जांभ्याची लाल धूळ हवेच्या फिल्टरात बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. हवेवर चालणाऱ्या ब्रेकचं दुखणं वेगळंच. दमट हवा दाबून टाकीत भरली की तिच्यातलं पाणी तळाशी साठतं. ते रोज सोडलं नाही तर गंज धरतो. समुद्राकाठी खारा वारा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांच्या सांध्यात शिरतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युतघटच झाला की. पत्रा आतल्या आत खाल्ला जातो आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

वस्तीच्या गावात ना कार्यशाळा, ना मेकॅनिक. मग सगळी मदार चालकावर. माझं बिऱ्हाड देवळाशेजारी होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं मी हे पाहत आलो. जेवायला बसण्याआधी चालक टॉमीने एकेक टायर ठोकून त्याचा आवाज ऐकत. बॅटरीच्या उजेडात पाटे बघत, गाडीखाली तेलाचा थेंब पडलाय का ते पाहत, टाकीतलं पाणी फुस्सकन सोडत. गाडी लावायची ती उतारावर, तोंड रस्त्याकडे करून. सकाळी सेल्फ लागला नाही तर ब्रेक सोडून गाडी घरंगळू द्यावी आणि गिअर टाकून इंजिन सुरू करावं.

चालकाने लिहून दिलेला दोष आगारात दुरुस्त होई. मोठं काम विभागीय कार्यशाळेत. त्याहून मोठं असेल तर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत. तिथे सांगाड्यावर नवी बॉडी चढते. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवण्याची सोयही महामंडळाने स्वतःची उभी केली. इंजिन बदललं, बॉडी बदलली, टायर बदलले, मग गाडी तीच का? आम्हा कोकणातल्या माणसांना हा प्रश्न पडत नाही. दर पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, कुजलेला वासा बदलायचा, आणि घर मात्र आजोबांचंच!

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. पण गाडी उभी राहिली की तिचं काय होतं, ते तेव्हा कळलं. बॅटऱ्या उतरतात, टायर एकाच जागी दबतात, रबर कडक होतं, ब्रेक चिकटतात. चालून झिजते त्यापेक्षा उभी गाडी लवकर जाते. याचं नवल वाटायला नको. मुंबईकरांची कुलूपबंद घरं आमच्या डोळ्यांसमोर दोन पावसाळ्यांत बसतात, आणि शेजारचं नांदतं घर शंभर वर्षं उभं असतं.

1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम आला. धुराचा विचार केला तर तो योग्यच म्हणावा लागेल. 1 जून 2022 रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली, हेही चांगलंच झालं. जुनी गाडी कायम ठेवा असा माझा हट्ट नाही. पण नवी गाडी आली तरी तिच्याखाली रोज वाकून बघणारं माणूस लागतंच.

मला काळजी आहे ती दुसरीच. 'वस्ती' या शब्दाचे दोन अर्थ. एक मुक्काम, दुसरा माणसांचं राहणं. पहिली वस्ती दुसऱ्या वस्तीच्या आधाराने टिकते. शाळेचा पट घटतो, पहाटेच्या गाडीला चारच माणसं उरतात, मग फेरी तोट्यात जाते आणि बंद पडते. फेरी बंद पडली की उरलेली पोरंही तालुक्याला खोली घेऊन राहू लागतात. या दुखण्यावर दापोडीत इलाज नाही. म्हणून ज्यांच्या गावात आजही वस्तीची गाडी येते, त्यांना एवढंच सांगणं की, स्वतःची दुचाकी दारात असली तरी आठवड्यातून एकदा पहाटेच्या गाडीने जा. तिकीट काढा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, पण मोजणीत आमचंही डोकं धरलं जातं.