टाकीखालच्या कपाटातला इतिहास

घरात समुद्री प्रवाळांची टाकी असली की पाहुणे टाकीकडे बघत बसतात. ती सांभाळणाऱ्याचं लक्ष मात्र टाकीखालच्या कपाटात असतं. वर निळसर उजेडात प्रवाळांचे धागे हलत असतात, एखादा क्लाउनफिश समुद्रफुलात लोळत असतो. खाली कपाटात आणखी एक काचेची टाकी असते, तिला संप म्हणतात. तिच्यात गाळ अडवणारी कापडी पिशवी, फेस ओकणारं एक उभं नळकांडं, सच्छिद्र दगड आणि अखंड घुमणारा पंप. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर वरचा भाग फ्रंटएंड, खालचा बॅकएंड. आणि कुठल्याही जुन्या बॅकएंडसारखा यातला एकेक थर वेगळ्या काळात, वेगळ्या माणसानं, वेगळ्या अडचणीपोटी चढवलेला आहे.

या कपाटाची निगा राखण्याचे नियम नव्या माणसाला आज्ञांसारखे ऐकवले जातात. दगड नळाच्या पाण्याखाली धुऊ नकोस. सगळे भाग एकाच दिवशी साफ करू नकोस. टाकी भरल्यावर काही आठवडे मासे सोडू नकोस. कारण विचारलं तर बहुतेक वेळा ‘तसंच करतात’ एवढंच उत्तर मिळतं. कारणं आहेत, पण ती समजून घ्यायला पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

दोन हातांचा पंप

१८४६ साली अॅना थिन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून काही जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अॅबेत धर्मगुरू होते आणि घर शहराच्या ऐन मध्यात. समुद्राचं पाणी मागवता येत होतं, पण भांड्यात ठेवलं की ते लवकर खराब व्हायचं. थिनबाईंनी त्यावर साधा उपाय काढला. उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. आपण गरम दूध गार करतो तसं. त्यातून पाण्यात हवा मिसळायची आणि प्रवाळ जगायचे.

ओतण्याचं काम घरातली एक लहान मोलकरीण करायची. बाईंनी लिहून ठेवलंय की काम दमवणारं होतं, पण त्या मुलीला त्यात गंमत वाटायची. मुलीचं नाव मात्र त्यांनी लिहिलेलं नाही. आज आपल्या कपाटात जो पंप घुमतो, त्याच्या जागी तेव्हा त्या मुलीचे दोन हात होते.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञानं केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. मासे सोडतात तो वायू वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासे घेतात आणि कुजलेली पानं गोगलगायी खातात. पाणी न बदलता सगळं सुखेनैव चालतं. ‘समतोल’ हा शब्द मत्स्यालयाला चिकटला तो इथून. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडला मत्स्यालयांचं वेड लागलं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती आणि रेल्वे लोकांना किनाऱ्यावर पोचवत होती. माणसं बादल्या, छिन्न्या घेऊन निघाली. गॉस यांच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात या झुंडींनी किनाऱ्यावरची डबकी कशी ओरबाडली याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

घरोघरी आणलेले ते जीव बहुतेक मेले. समतोलाच्या कल्पनेत एक मोठं भोक होतं. हवेचा हिशेब त्यात होता, पण माशांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचा नव्हता. अमोनिया थोडासा साठला तरी मासा गुदमरतो.

अंधारातला हौद

विल्यम अल्फर्ड लॉइड या माणसाला रसायन माहीत नव्हतं, पण उपाय सापडला. रीजंट्स पार्कजवळ तो मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान चालवायचा. पुढे त्यानं हॅम्बर्गचं, मग १८७१ मध्ये उघडलेलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उभारलं. त्याची रचना अशी: लोकांना दिसतात त्या टाक्या लहान, आणि जमिनीखाली त्यांच्या कितीतरी पट मोठा, थंड, अंधारा हौद. पंप दिवसरात्र चालू. हौदातलं पाणी टाक्यांत, टाक्यांतलं परत हौदात. आपला संप हे त्या हौदाचंच नातवंड.

हौद अंधारा कशाला? उजेडात शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं, हा लॉइडचा अनुभव. त्या अंधारात आणखी काय चाललं असेल, याचा अंदाज यायला थोडी वर्षं जायची होती. आणि तो आला मत्स्यालयातून नव्हे, गटारातून.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी फ्रान्समध्ये सांडपाणी वाळू-चुनखडीच्या नळीतून हळूहळू झिरपत सोडलं. वीस दिवस काही घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा. मग अचानक तो कमी होऊ लागला आणि नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर क्रिया थांबली. मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झाली. निव्वळ रसायन असतं तर ते क्लोरोफॉर्मनं बेशुद्ध पडलं नसतं. म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं.

नव्या टाकीत काही आठवडे मासे सोडू नकोस, ही आज्ञा म्हणजे हेच वीस दिवस. दगडांवर, वाळूवर जिवाणूंची वस्ती बसायला तेवढा वेळ लागतो.

पुढचा दुवा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत हा धागा ज्यानं हातात घेतला, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. त्यानं वर्षानुवर्षं मातीवर प्रयोग करून दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे. ही क्रिया अंधारात नीट चालते, हेही त्याला दिसलं होतं. कामकऱ्यांना एकटं काढून वाढवणं मात्र त्याला जमलं नाही. ते १८९० मध्ये सर्गेई विनोग्राडस्कीनं झुरिचमध्ये जमवलं. बापाच्या समतोलात जे भोक होतं, ते मुलानं शेतातल्या मातीत शोधलं. मत्स्यालयवाल्यांपर्यंत ही गोष्ट पोचायला मात्र अर्धं शतक आणि वर लागलं.

दगड, फेस आणि चुन्याची निवळी

१९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातून आणलेले जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बारीक बुडबुडे. बाकी यंत्रं काही नाहीत. पाश्चात्त्य छंदी लोक तेव्हा प्रवाळांचे मेलेले, ब्लीचनं पांढरे केलेले सांगाडे टाकीत शोभेला ठेवायचे. ज्या दगडावरचे जीव हाच खरा फिल्टर, तोच ते उकळत्या शिस्तीनं निर्जीव करत होते. एंग यांच्याकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केलं.

त्याच दशकात जर्मनीत प्रोटीन स्किमर आला. एर्विन सँडर हे त्यातलं प्रमुख नाव. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्यानं काढतात, तसंच हे. नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातली प्रथिनं बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि कपात जमा होतात. घाण कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर. गोड्या पाण्यात असा फेस नीट धरत नाही, म्हणून हे यंत्र समुद्री टाकीचंच. त्याचा कप आणि गळा दर दोन-तीन दिवसांनी पुसावा लागतो, कारण काचेवर चिकटलेला तेलकट थर फेसाला वर चढू देत नाही. पेटर विल्केन्स यांनी सत्तरच्या दशकात स्किमरला चुन्याच्या निवळीची जोड दिली. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, त्यांना चुना लागतोच.

१९८६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी डच पद्धतीचा ‘वेट-ड्राय’ फिल्टर लोकप्रिय केला. प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकायचं, भरपूर हवा मिळायची, जिवाणू अमोनियाचा फडशा पाडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांडपाणी प्रक्रियेत रुळलेली ही युक्ती आता दिवाणखान्यात आली. ती चालली, पण अर्धवट. नायट्रेट साठतच गेलं. त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडणारे जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागीच हे काम करतात, आणि त्या गोळ्यांवर तशी जागाच नव्हती.

ती जागा जिवंत दगडाच्या पोटात होती. बाहेरून प्राणवायू, आत खोलवर नाही. एकाच दगडात दोन्ही खाती. ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या छंदी मंडळींनी, त्यात डीट्रिश श्ट्यूबर आघाडीवर, गोळ्यांना फाटा देऊन फक्त दगड, दणकट स्किमर आणि तीव्र प्रकाश एवढ्यावर खडक बांधणारे नाजूक प्रवाळ वाढवून दाखवले. एंग यांचं म्हणणं पंचवीसेक वर्षांनी मान्य झालं. श्ट्यूबर यांच्या प्रवाळाचे तुकडे एका टाकीतून दुसरीत, एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले. कढीपत्त्याचं रोप शेजारी देतात तसे. समुद्रातून न ओरबाडताही हा छंद चालू शकतो, याचा तो पुरावा होता.

आपल्याकडे ही गोष्ट नुसती छंदाची नाही. २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रातून असा एक तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून इथं निर्जीव, कोरड्या दगडापासून सुरुवात करायची आणि त्यावर वस्ती बसायची वाट पाहायची. वेळ लागतो. गॉसच्या वाचकांनी हाच वेळ दिला असता तर त्या किनाऱ्यांचं काही उरलं असतं.

कामकरी कोण?

विनोग्राडस्कीनंतर सगळ्यांना वाटलं, फिल्टरमध्ये कोण राहतं ते कळलं. पाठ्यपुस्तकांत दोन नावं ठरून गेली: नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये हॉव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर नव्हे, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करत होते. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा आर्किया गटातला सूक्ष्मजीव पहिल्यांदा वेगळा काढता आला. तो जिवाणू नव्हेच, त्याची शाखाच निराळी. पुढं समुद्रात सगळीकडे त्याचे भाऊबंद सापडले. तो पहिला मिळाला कुठे, तर सिएटल अॅक्वेरियमच्या एका टाकीत. आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. दोन शोधांपैकी एक लागला मत्स्यपालनाच्या ठिबक फिल्टरमधून. सव्वाशे वर्षांचा ‘दोन टप्पे, दोन कामकरी’ हा नियम अपवादासकट नव्यानं लिहावा लागला.

हे कळलं की कपाटातल्या आज्ञा निराळ्या वाटू लागतात. दगड नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती वस्ती मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकासा खळबळायचा. कापडी पिशवी तीन-चार दिवसांनी बदलायची, कारण तिच्यात अडकलेली घाण तिथंच कुजते. पण पिशवी, स्किमर, दगड, वाळू एकाच रविवारी घासायचे नाहीत. आपण वस्तू साफ करत नसतो, वस्तीतून वाट काढत असतो.

आणि वीज गेली तर? पंप थांबतो, पाणी स्थिर होतं, दगडांतले आणि पाण्यातले सगळेच उरलेल्या प्राणवायूवर तुटून पडतात. काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप असेल तर ठीक. नसेल तर एकच उपाय उरतो. मग भरून घ्यायचा, हात उंच करायचा आणि पाणी वरून टाकीत ओतायचं. पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचं. अर्धा-पाऊण तास. वीज येईपर्यंत घरातलं कुणीतरी उभं राहून हे करत राहतं, आणि त्या वेळी लंडनमधल्या त्या मुलीच्या हातांत आणि आपल्या हातांत काहीच फरक नसतो.