खुर्ची एक, सह्या दोन

कायदेमंडळ, कार्यपालिका, न्यायपालिका ही सत्तेची विभागणी आपण शाळेपासून पाठ करतो. पण बाबासाहेबांनी ती अमेरिकेसारखी कडक का ठेवली नाही, हे क्वचितच विचारले जाते.

10 डिसेंबर 1948 रोजी प्रा. के. टी. शाह यांनी तिन्ही शाखा पूर्णपणे वेगळ्या ठेवण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. ती फेटाळली गेली. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी हवी, हे बाबासाहेबांना मान्यच होते. कलम 50 त्यासाठीच आहे. मंत्र्यांना सभागृहाबाहेर ठेवणे मात्र मान्य नव्हते. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात त्यांनी कारण दिले होते. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही. मसुद्याने जबाबदारीला जास्त वजन दिले आहे. अमेरिकेत सरकारचा हिशेब मुदतीने होतो, संसदीय पद्धतीत तो रोज होतो. प्रश्न, ठराव, अविश्वास ही त्याची हत्यारे.

हीच कसोटी पिंपरी-चिंचवडला लावा. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणी आयुक्तांकडे आणि अंदाजपत्रकाची मंजुरी नगरसेवकांच्या सभेकडे. मार्च 2022 मध्ये 128 नगरसेवकांची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे कलम 243-यू सांगते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती थेट 15 जानेवारी 2026 ला झाली. मधली जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत हजारो गोदामे, वर्कशॉप, पत्राशेड पाडली गेली. कारवाई योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण त्यावर आयुक्तांना सभागृहात जाब विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा रिकाम्या, महिलांच्या निम्म्या जागाही रिकाम्या. वस्तीतल्या माणसाने जायचे कुणाकडे?

काही जण म्हणतात, नगरसेवक भ्रष्ट, त्यापेक्षा प्रशासक बरा. पण भ्रष्ट नगरसेवकाला आपण मताने घरी बसवू शकतो. प्रशासकाची बदली फक्त मंत्रालय करते. मग तो कुणाला जबाबदार राहणार?

आता सभागृह पुन्हा भरले आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठा आणि प्रशासकाच्या काळातल्या ठरावांचा हिशेब सभेत मागायला लावा. तो मागत नसेल, तर पुढच्या निवडणुकीत त्याचाही हिशेब करा.

जय भीम!