डागाळलेले भिंग

भंगारात पडलेल्या गाड्यांची छायाचित्रे काढणे हा माझा जुना छंद. उडालेले रंगाचे पोपडे, त्याखालचा तपकिरी गंज आणि मध्येच चकाकणारी एखादी क्रोमची पट्टी, असा विरोध एका चौकटीत क्वचितच मिळतो. भिंगाची परीक्षा घ्यायला म्हणूनच मोडकी जीप फार सोयीची. एकदा उतरत्या उन्हात, सूर्य जवळजवळ समोर ठेवून, एकाच जीपचे चित्र मी दोन भिंगांनी घेतले. एक अलीकडचे, लेप दिलेले. दुसरे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे, बिनलेपाचे. दुसऱ्या चित्रात गंजाचा गडद रंग पार राखाडी झाला होता. साऱ्या गाडीवर जणू दुधट पडदा ओढला होता.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तीन सुट्या भिंगांना सहा पृष्ठभाग. ०.९६ ला सहा वेळा गुणून पाहा, ०.७८ उरतात. पण २२ टक्के प्रकाश गळाला याचे एवढे दुःख नाही. परतलेल्या प्रकाशातला थोडा भाग आधीच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे येतो आणि फिल्मभर पसरतो. मग काळी जागा काळी राहत नाही.

तीन सुट्या भिंगांची ही प्रसिद्ध रचना हॅरॉल्ड डेनिस टेलर याची. इंग्लंडमधील यॉर्क येथे दुर्बिणी बनवणाऱ्या टी. कुक अँड सन्स या कंपनीत तो काम करी. रचनेचे पेटंट १८९३ चे. त्याच दशकात त्याने एक उलटीच गोष्ट नोंदवली. दुर्बिणीतील फ्लिंट काचेची भिंगे काही वर्षांत हवेने डागाळतात, त्यांवर निळसर-जांभळी झाक येते. मालकांना वाटे, भिंग वाया गेले. टेलरला आढळले की असे भिंग नव्यापेक्षा जास्त प्रकाश पलीकडे जाऊ देते. डागाची चिंता करू नका, असे त्याने दुर्बीणवाल्यांना सांगितले. त्याच्या आधी, १८८६ मध्ये, लॉर्ड रॅले यांनाही जुनाट काचेवरून होणारे परावर्तन ताज्या पॉलिश केलेल्या काचेपेक्षा कमी आढळले होते.

लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पोपडे सुटून खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. काचेचे तसे नाही. दमट हवा पृष्ठभागातील काही घटक काढून नेते आणि मागे सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला पातळ थर उरतो. त्याचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी, थराची जाडी योग्य असेल तर, एकमेकींना मारतात. हे आपल्या पुस्तकातलेच व्यतिकरण. हिरव्या प्रकाशासाठी (५५० नॅनोमीटर) ही जाडी साधारण १०० नॅनोमीटर भरते. हिरवा प्रकाश परतत नाही, निळा-तांबडा थोडा परततो, म्हणून ती जांभळी झाक.

टेलरने १९०४ मध्ये रसायनांनी मुद्दाम काच डागाळण्याचे पेटंट घेतले. पण प्रत्येक जातीची काच वेगळी वागे, थर सारखा येईना. काच खाऊन थर करण्याऐवजी बाहेरून थर चढवावा, हा मार्ग १९३५ मध्ये जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने निर्वात पोकळीत फ्लुओराइडची वाफ बसवून काढला. तो लष्करी गुपित म्हणून दडवला गेला. अमेरिकेत जॉन स्ट्राँग १९३६ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. सामान्य कॅमेऱ्यांत हे लेप महायुद्धानंतर रुळले.

वर्गात दाखवायला जुना कॅमेरा किंवा दुर्बीण पुरे. भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बघा: पांढरे दिसले तर बिनलेपाचे, जांभळे वा पिवळसर दिसले तर लेपाचे, नाहीतर टेलरच्या डागाचे. बुरशी मात्र वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि प्रकाश विखुरते. तिचे कौतुक नको.

जीपवर वापरलेल्या त्या जुन्या भिंगाच्या पुढच्या काचेवर, माझ्याकडे ते आले तेव्हा, सुंदर निळसर झाक होती. मी तेव्हा विद्यार्थी होतो. ती घाण समजून दोन संध्याकाळी खपून सेरियम ऑक्साइडने घासून काढली आणि काच लख्ख झाली म्हणून सगळ्यांना दाखवत फिरलो.