गिअर ऑइल बदल (जुने मालट्रक)

गिअरबॉक्समधील जुने वंगण काढून नवे भरण्याच्या क्रियेस गिअर ऑइल बदल म्हणतात. शिरूर व दौंड तालुक्यांत पाटससारख्या ठिकाणच्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकांत प्रामुख्याने हाताने बदलायचे गिअर असतात. त्यामुळे स्वयंचलित गिअरबॉक्सचे पातळ तेल त्यांना सहसा लागत नाही. गळीत हंगामापूर्वी हे काम घरीही उरकता येते. ट्रक सपाट जागी उभा करून तेल कोमट असतानाच काढतात. मात्र भरणीचा प्लग आधी सैल करून पाहणे आवश्यक असते. तो गंजून अडकला असेल आणि खालचे तेल आधीच सोडले असेल, तर गाडी जागीच अडते. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपाय करतात, म्हणून निर्मात्याने सांगितलेलाच दर्जा वापरला जातो. वापरलेले तेल २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते भीमा-घोडकाठच्या शेतात वा ओढ्यात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे द्यावे लागते.