भंगारातल्या शिशापासून घरी गोळ्या बनवता येतात का? कायदा काय सांगतो आणि खरा धोका कुठे आहे?

रील्स बघताना एखादा परदेशी व्हिडिओ हमखास समोर येतो. कुणीतरी गॅरेजमध्ये जुनं शिसं वितळवतंय, साच्यात ओततंय आणि बंदुकीच्या गोळ्या तयार करतंय. अमेरिकेत हा अनेकांचा छंद आहे. टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं किंवा भंगारातलं शिसं स्वस्तात घ्यायचं आणि घरीच गोळ्या ओतायच्या.

खाली कमेंटमध्ये प्रश्न असतो, "आपल्याकडे असं शिसं कुठे मिळेल?" सोलापूरसारख्या शहरात भंगारात शिसं येतं, हे खरंच आहे. पण ते घरी आणून वितळवणं दोन कारणांनी महागात पडू शकतं. एक कायदा आणि दुसरं आरोग्य.

सोलापुरात शिसं येतं कुठून?

त्याचा सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे जुन्या बॅटऱ्या. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे ट्रक, गावागावांतले ट्रॅक्टर, शहरातल्या रिक्षा, घरोघरचे इन्व्हर्टर या सगळ्यांत बहुतेक वेळा लेड-ॲसिड बॅटरी असते. हे तंत्र १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी शोधलं. अशा बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. बाकी प्लास्टिक आणि गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड.

शिसं कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं. म्हणूनच मेलेल्या बॅटरीलाही भाव असतो आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो.

गोळ्या बनवण्याबद्दल कायदा काय म्हणतो?

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रं किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. कायद्यातल्या 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. त्यामुळे "आम्ही फक्त शिशाचा पुढचा भाग ओतत होतो, बारूद भरलीच नाही" हा बचाव चालेल असं समजू नये.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाली. बेकायदा निर्मितीसाठी किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते, शिवाय दंड वेगळा.

घरात परवान्याची बंदूक असेल तर? बंदूक बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली मिळतो आणि निर्मितीसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. पहिला हातात आहे म्हणून दुसरं काम करता येत नाही.

मग नेमबाज काय करतात? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात पॉइंट टू-टू बोअरच्या कारखान्यात बनलेल्या गोळ्या वापरतात. नेमबाजीची आवड असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लब हाच सरळ रस्ता आहे.

गोळ्या नाही, नुसतं शिसं वितळवलं तर?

शिसं साधारण ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. इतक्या कमी तापमानाला वितळतं म्हणूनच ते सोपं वाटतं आणि फसवतं. वितळवताना निघणारी वाफ, वर जमणारी राख आणि बारीक धूळ श्वासातून किंवा हाताला लागून पोटात जाते. कपड्यांवर बसलेली धूळ घरात येते. बॅटरी फोडली तर ॲसिड आणि शिसं दोन्ही मातीत उतरतात.

शरीरात शिरलेलं शिसं हाडांत साठून वर्षानुवर्षं राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही. लहान मुलं मोठ्यांच्या तुलनेत ४ ते ५ पट जास्त शिसं शोषून घेतात. त्याचा परिणाम बुद्धी, लक्ष आणि वाढीवर होतो. सुरुवातीला पोटदुखी, थकवा, चिडचिड अशी साधी लक्षणं दिसतात, कधी काहीच दिसत नाही.

सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत हे भयंकर रूपात दिसलं. तिथे लोक जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढून विकत होते. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुलांचा मृत्यू झाला.

आपल्याकडचं चित्रही काळजीचं आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार, भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे.

मग जुनी बॅटरी द्यायची कुठे?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्यानुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याला राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ग्राहकाचंही कर्तव्य ठरलेलं आहे. बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही, ती वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यायची.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

- नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात जमा करा आणि पावतीवर तशी नोंद करून घ्या.
- दारावर येणाऱ्याने जास्त भाव दिला, तरी तो बॅटरी कुठे नेणार हे विचारा. उघड्यावर फोडली तर नुकसान आपल्याच परिसराचं आहे.
- बॅटरी घरी फोडू नका, ॲसिड गटारात ओतू नका.
- भांड्यांना कल्हई करताना शुद्ध कथिलच वापरायला सांगा. त्यात स्वस्त शिसं मिसळलं तर ते थेट जेवणात येतं.
- घरातलं कुणी बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामात असेल, तर मुलांना जवळ घेण्याआधी कपडे बदलून हात धुवावेत. शंका आली तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

भंगारातल्या शिशाला किलोवर भाव मिळतो, पण ते नोंदणीकृत कारखान्यात पोहोचलं तरच. स्वयंपाकघरात किंवा अंगणात वितळवलं, तर त्याची किंमत घरातलं सगळ्यात लहान मूल आधी मोजतं.